उंटमास्तरांचा वाघ

"कवटी आणखी पाऊण इंचाने वाढली," पंडित मास्तरांनी पोस्टकार्ड वाचून जाहीर केलं.

"कुणाची?" इंदिराबाईंनी परातीतून मान वर न करता विचारलं.

"वाघाची. म्हणजे वाघाची नव्हे. वाघाच्या खापरपणजोबाची."

"मग वाढू द्या की. वाढायचंच असतं त्यांनी."

"अगं, तो मरून लाखभर वर्षं झालीत!"

"मग तुम्ही का उभे? जेवायला बसा," असं म्हणून इंदिराबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

मास्तरांच्या दृष्टीने मात्र तो आत्ता कुठे सुरू होत होता. त्यांनी पोस्टकार्ड पुन्हा वाचलं. सासऱ्यांचं अक्षर मोठं आणि मजकूर छोटा. 'जवाईबापूंस झुलालचा रामराम. माप काढले. पावणेअठरा इंच. बैल बरे आहेत. औंदा एकही शेळी गेली नाही.' कार्डाच्या कोपऱ्यावर नेहमीप्रमाणे तांबडा, तेलकट अंगठा उठला होता. मास्तर तो सासऱ्यांच्या साधेपणाचा भाग समजत.

पंडित मास्तर धुळ्यात पांझरेपलीकडे, देवपूरच्या एका शाळेत विज्ञान आणि चित्रकला शिकवीत. माणूस सरळ, प्रामाणिक, आणि हाडांचा वेडा. जमिनीत काही पांढरं दिसलं की त्यांचा पाय पुढे पडत नसे. या वेडाने त्यांना आजवर एकच गोष्ट मिळाली होती, ती म्हणजे एक नाव. ते नाव त्यांना नको होतं.

त्याचं असं झालं. चार वर्षांपूर्वी शाळेच्या भिंतीचा पाया खणताना बारा फूट खाली एक लांब हाड निघालं. दगडासारखं जड, आणि खालच्या टोकाला दोन फाटे. मास्तरांनी आठ दिवस पुस्तकं चाळली आणि शाळेच्या पटांगणात जाहीर व्याख्यान ठेवलं. हे हाड पांझरेकाठी फिरणाऱ्या एका प्रचंड, आजवर अज्ञात अशा मांसाहारी जनावराचं आहे, असं त्यांनी तासभर सांगितलं. त्याने काय खाल्लं असेल तेही सांगितलं. शेवटी "कुणाला काही शंका?" असं विचारलं. हे विचारलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मागच्या रांगेतून कादरमियाँ उठले. कादरमियाँ धुळे ते साक्री सर्व्हिस मोटार चालवीत. पण त्यांच्या आज्याकडे मोटार नव्हती, उंट होते.

"मास्तर, माफ करना," कादरमियाँ अदबीने म्हणाले. "लेकिन ये तो ऊँट की नडगी है. हे खालचे दोन फाटे बघा. आमच्या घरी अशा पडलेल्या असायच्या."

पटांगण हसलं. ते जे हसलं ते चार वर्षं हसतच होतं. दुसऱ्या दिवसापासून पंडित मास्तरांचे उंटमास्तर झाले. भाजीवाल्या 'उंटमास्तर, वांगी घ्या' म्हणत. पोस्टमन 'उंटमास्तर, मनिऑर्डर' म्हणत असे. कादरमियाँना आपण भल्या माणसाचं नाव बिघडवलं याचं फार वाईट वाटे, म्हणून ते दिवसातून दोनदा मोटारीतून जाताना प्रेमाने हाक मारीत: "ओ उंटमास्तर!"

मास्तरांनी यावर एकच तत्त्व पाळलं होतं. त्या नावाने हाक आली की वळून पाहायचं नाही. एकदा बाजारात एक वळू उधळला आणि कादरमियाँ जीव तोडून ओरडले, "उंटमास्तर, बाजूला व्हा!" मास्तर वळले नाहीत. वळू शहाणा होता, तो बाजूने गेला. पण त्याचं शेपूट लागून मास्तर गटारात पडले. तत्त्वासाठी गटारात पडलेला देवपुरातला हा पहिलाच माणूस असावा.

हाड मात्र इंदिराबाईंनी टाकू दिलं नाही. "एवढं हसून घेतलंय लोकांनी त्याच्यावर, वाया कशाला घालवायचं?" म्हणून त्यांनी ते धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, नेऊन ठेवलं. उन्हाळ्यात धाब्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले की वाऱ्याने खालचं फडकं उडे. फडक्याच्या कोपऱ्यावर ते हाड ठेवलं की उडत नसे. दगड घरंगळत, हाड घरंगळत नसे, त्याला दोन फाटे होते. गेली चार वर्षं शेजारणी ते उसनं मागून नेत.

आणि मग गेल्या दिवाळीत कवटी सापडली.

मास्तर सासुरवाडीला गेले होते. साक्रीच्या पुढे डोंगराच्या कुशीत चिंचखेडे हे त्यांचं सासर. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते शेतावर गेले. नाल्याच्या ढासळलेल्या काठातून, चिखलाच्या गोळ्यात, त्यांना दोन सुळे दिसले. नुसते सुळे नव्हेत. मास्तरांना त्या चिखलात देवपूरच्या सगळ्या भाजीवाल्या 'पंडितराव' म्हणताना दिसल्या.

कवटी धुळ्याला न्यायची म्हणून त्यांनी ती पोत्यात घातली. इंदिराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"अजून एक हाड त्या घरात आलं तर मी माहेरी जाईन."

"तू माहेरीच आहेस."

"मग इथंच राहीन."

मास्तरांनी कवटी सासऱ्यांच्या स्वाधीन केली. लोटन सुताराकडून लाकडाचा एक मोठा चिमटा करून घेतला. तो कवटीच्या नाकाला आणि मागच्या टोकाला टेकवायचा आणि दोन पात्यांमधलं अंतर फूटपट्टीवर धरायचं. झुलाल आबांनी तो प्रकार तीनदा करून पाहिला.

"माती धुऊन टाका, माप काढा आणि कळवा," मास्तरांनी बजावलं. "मधूनमधून पुन्हा काढा. शास्त्रात एका मापावर विसंबत नाहीत."

"काळजी नका करा जवाईबापू. मी देखस," आबा म्हणाले. आबा शब्दाचे पक्के होते. बैल विकतानाही बैलाचं खरं वय सांगणारा खानदेशातला बहुधा शेवटचा माणूस.

पहिलं कार्ड मार्गशीर्षात आलं. पंधरा इंच. मास्तरांनी पुस्तकातलं कोष्टक उघडलं. घरातलं मांजर साडेतीन, बिबट्या नऊ, वाघ चौदा. कट्यारीसारखे सुळे असलेलं एक अमेरिकन जनावर, जे केव्हाच नामशेष झालं, ते तेरा. युरोपातला गुहेत राहणारा सिंह, तोही नामशेष, सतरा. म्हणजे आपला वाघ आजच्या वाघाला इंचभर मागे टाकतो! मास्तरांनी त्याच दिवशी मुंबईच्या एका संग्रहालयाला पत्र धाडलं.

संक्रांतीला दुसरं कार्ड आलं. सोळा. मास्तर चक्रावले, पण प्रामाणिक माणूस, त्यांनी मुंबईला दुरुस्ती कळवली. शिमग्याला तिसरं आलं. सतरा. पुन्हा दुरुस्ती. दर कार्डागणिक अंगठा तेवढाच तांबडा, आणि शेवटची ओळ तीच, की औंदा शेळी गेली नाही.

मुंबईहून सबनीस नावाच्या सहाय्यकाचं उत्तर आलं. 'आपली तिन्ही पत्रे पावली. मेल्यावर हाड वाढत नाही अशी आमच्याकडे आजवर समजूत होती. हे जनावर नक्की केव्हा मेले, आणि त्यास सध्या काय घालता, हे कळवावे.'

मास्तरांनी रागावून सात पानी उत्तर लिहिलं. लाखभर वर्षं मातीखाली दाबलेलं हाड, वरचा भार गेला की हळूहळू फुगतं, बासनात आवळून बांधलेली गादी सोडल्यावर फुगते तसं, हा सिद्धान्त त्यात होता. तो त्यांना रात्रभर बरोबर वाटला आणि सकाळी थोडा कमी वाटला. पण पत्र टाकून झालं होतं.

सिद्धान्त पूर्णपणे पटलेला माणूस एकच होता, तो म्हणजे हेडमास्तर. त्यांना शाळेचं नाव जिल्ह्याबाहेर न्यायचं होतं. त्यांनी मास्तरांकडून भिंतभर तक्ता काढून घेतला. त्यात मांजरापासून सिंहापर्यंत सगळ्या कवट्या खऱ्या मापाने रांगेत, आणि शेवटी आपली. तिच्याखाली हेडमास्तरांनी स्वतः नाव घातलं: 'खानदेशी महाव्याघ्र'.

"या अमेरिकन जनावराचं काय हो?" तक्ता पाहत हेडमास्तरांनी विचारलं. "एवढे सुळे असून तेराच?"

"तेराच, सर."

"हं. मेहनत नाही," हेडमास्तर म्हणाले.

महाव्याघ्राचं चित्र दर कार्डानंतर मोठं करावं लागे. आधी कागद पुरला, मग उजवीकडे एक ठिगळ जोडलं, मग ठिगळाला ठिगळ. पावणेअठराच्या कार्डानंतर महाव्याघ्राचं नाक भिंत संपवून खिडकीवर आलं. खिडकी उघडली की महाव्याघ्र शेंबूड पुसल्यासारखा हलत असे. गुहेतला सिंह हरला होता. जगात आता पुढे कुणी नव्हतं. हेडमास्तरांनी शाळेत हुकूम काढला: यापुढे पंडित मास्तरांना कुणीही उंटमास्तर म्हणायचं नाही, वाघमास्तर म्हणायचं. शनिवारी सत्कार ठरला.

"वाघमास्तर," मास्तर घरी आरशात पाहून हळूच म्हणाले.

"कोण?" इंदिराबाईंनी आतून विचारलं.

"कुणी नाही," मास्तर म्हणाले. पण त्या रात्री ते जेवताना दोनदा हसले.

सिद्धान्ताला मुंबईहून उत्तर आलं नाही. उत्तराऐवजी बुधवारी सबनीसच आले. किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. मखमलीच्या डबीत पोलादी चिमटा, आणि डोळ्यांत वाईट बातमी द्यायची सवय. मास्तर, इंदिराबाई आणि सबनीस गुरुवारी सकाळी कादरमियाँच्या मोटारीत बसले.

"सुनो मास्तर," कादरमियाँ गियर टाकत म्हणाले, "या वेळी मी तोंडावर हात ठेवणार. साक्षात बकरी निकली तरी बोलणार नाही."

"बकरी नाही," मास्तर ताठ बसून म्हणाले. "पावणेअठरा इंच."

"बुधवारच्या हिशेबाने," सबनीस खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "आज गुरुवार आहे."

साक्रीहून पुढे बैलगाडी. गावाच्या शिवेवर मोहाच्या झाडाखाली नवा दगडी ओटा दिसला. ओट्यावर तोरण होतं, नारळांचा ढीग होता, आणि मधोमध एक लालभडक, तेलाने चकाकणारा, लाल भोपळ्याहून मोठा गोळा होता. त्याला चांदीचे दोन डोळे चिकटवले होते. खाली दोन सुळे तेवढे अंधुक दिसत होते, शेंदरात बुडत चाललेले.

झुलाल आबा आणि सासूबाई भिकुबाई हात जोडून उभे होते. मागे अर्धं गाव.

"आबा, हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"वाघदेव," आबा म्हणाले.

"आणि माझी कवटी?"

आबांनी गोळ्याकडे आदराने बोट केलं. "मझार शे." म्हणजे आत आहे.

मग सगळं बाहेर आलं. कवटी निघाली ती नेमकी वाघबारशीच्या आठवड्यात. वाघबारस म्हणजे त्या डोंगरपट्टीत वाघदेवाला नैवेद्य दाखवायचा दिवस. त्या दिवसांत वाघाचं तोंड आपणहून जमिनीतून वर येतं, आणि ते पोत्यात घालून माळ्यावर ठेवायचं? भिकुबाईंनी मास्तरांची बैलगाडी वळायच्या आतच शेंदराचं पहिलं बोट लावलं होतं. माती धुतलीच नाही. देवाची माती कोण धुणार? आणि त्या हिवाळ्यात गावातली एकही शेळी बिबट्याने नेली नाही.

"बाया नवस फेडतस," भिकुबाई कौतुकाने म्हणाल्या. "शेळी वाचनी, का शेंदूर. बोकड वाचना, का तेल आन् शेंदूर."

"मग ती मापं तुम्ही शेंदरासकट घेतली?" मास्तर किंचाळले.

"मंग?" आबांना खरोखर आश्चर्य वाटलं. "देवले खरडीसन माप लेतस का कोनी?"

"अहो पण मला कळवायचं तरी!"

"तुम्ही माप मांगं, मी माप धाडं," आबा शांतपणे म्हणाले. "शेंदूरनं तुम्ही इचारंच नही. शेंदूर लावा का देव मोठा व्हस. यान्हामा सांगानं काय शे?"

पोस्टकार्डावरचे चारही तांबडे अंगठे मास्तरांच्या डोळ्यांपुढे एका रांगेत उभे राहिले. सबनीसांनी बूट काढले, नमस्कार केला, चिमटा लावला आणि वहीत आकडा टिपला.

"अठरा," ते म्हणाले. "पाच महिन्यांत तीन इंच. या गतीने चौथ्या वर्षी हत्तीच्या कवटीला मागे टाकेल."

"आत कवटी आहेच की," मास्तर घायकुतीला येऊन म्हणाले. "शेंदूर थोडा बाजूला करून..."

अर्धं गाव एकदम पुढे सरकलं. मास्तर एकदम मागे सरकले.

"बरं, मग बाहेरूनच. मी स्वतः घेतो." त्यांनी लोटन सुताराचा लाकडी चिमटा उचलला आणि लावला. मापासाठी नव्हे, बिचाऱ्यांना काहीतरी करायचं होतं. पण चिमट्याला आबांनी पाच महिने जवसाचं चिकट तेल पाजलं होतं, आणि शेंदूर त्या सकाळचाच, ताजा होता. पाती त्यात रुतली. मास्तरांनी हळूच ओढलं. येईना. जरा जोरात ओढलं. आतून 'कट्' असा आवाज झाला, आणि वाघदेवाचा अख्खा चेहरा, चांदीच्या डोळ्यांसकट, चिमट्याबरोबर मास्तरांच्या हातात आला.

इंदिराबाईंनी डोळे मिटले. माहेर म्हणून एक जागा होती, तीही आता राहिली नव्हती.

गर्दीतून म्हातारा पुना पुढे आला. पुना गावचा भगत. वाघदेवाची पूजा त्याच्याकडे. त्याने मास्तरांच्या हातातलं ते शेंदराचं टरफल पाहिलं. मास्तरांकडे पाहिलं. पुनाने आभाळाकडे पाहिलं, आणि एकदम दोन्ही हात वर केले.

"देवनी कात टाकी! जवाईना हातनी टाकी!"

गाव सुटलं. हलगी वाजली, नारळ फुटला, आणि ज्यांनी मास्तरांना धरायला हात पुढे केले होते त्यांनीच त्यांना गुलाल लावला. भिकुबाईंनी जावयाची दृष्ट काढली. देव आपली कात सगळ्यांच्या हाती देत नाही.

या गोंधळात सबनीस उघड्या पडलेल्या कवटीजवळ बसले होते. त्यांनी पोलादी चिमटा लावला, एकदा, दोनदा, तीनदा. मग मास्तरांना बाजूला बोलावलं.

"साडेतेरा," ते हळू आवाजात म्हणाले.

"साडेतेरा?"

"वाघ आहे. आजचा. हाडात अजून हलकेपणा आहे, दगड झालेलं नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा असेल फार तर."

"लाखभर वर्षं..."

"पन्नास," सबनीस म्हणाले.

तेवढ्यात पुना कवटीपाशी वाकला होता. पाच महिन्यांत तो देवाचं तोंड उघडं असं पहिल्यांदाच पाहत होता. डावीकडचा तुटका दात पाहून त्याने कपाळावर हात मारला.

"हाऊ तं मना बापनी मारेल वाघ शे!" तो ओरडला. "कुऱ्हाडना घाव देखा! मी धाकला व्हतू, बापनी आठेच नालामा टाकी दिधा!"

मास्तरांना वाटलं, आता तरी देवपण जाईल. तसं काही झालं नाही. उलट पुनाचे डोळे भरून आले. गावाला इतके दिवस कुठला तरी देव होता. आता तो पुनाच्या बापाच्या ओळखीचा निघाला. बायांनी लगेच पहिलं बोट लावलं. सगळ्या चिंचखेड्यात त्या दिवशी एकच माणूस दुःखी होता, आणि त्याच्याच डोक्यात सगळ्यात जास्त गुलाल होता.

परतीच्या मोटारीत कादरमियाँनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यावर हात ठेवला. स्टिअरिंगवरचा हात त्यासाठी काढावा लागल्याने मोटार दोनदा रस्ता सोडून शेतात जाऊन आली.

"हवं तर अहवालात 'निर्णय झाला नाही' असं लिहितो," कुसुंब्याच्या पुढे सबनीस म्हणाले. "तक्ता ठेवा भिंतीवर. कुणी तपासायला येत नाही."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर शनिवारचा सत्कार होता, खिडकीवर हलणारं ते नाक होतं.

"नको," ते शेवटी म्हणाले. "साडेतेरा लिहा. मापाचं खोटं मला शिकवता येणार नाही. शनिवारी मीच सांगतो सगळ्यांना."

"परत उंटमास्तर म्हणतील," इंदिराबाई हळूच म्हणाल्या.

"म्हणू दे."

इंदिराबाईंनी पदराने त्यांच्या कानामागचा गुलाल पुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सबनीस मास्तरांकडे जेवायला आले. भरीत-भाकरीचं जेवण झालं, आणि हात धुताना वावटळ उठली.

"अगं बाई, बिबडे!" इंदिराबाई धाब्याची शिडी चढू लागल्या. मास्तर मागे धावले. पाहुणा बसून कसा राहणार? सबनीसही चढले. फडक्याचे तीन कोपरे फडफडत होते. चौथा मात्र जमिनीला खिळल्यासारखा होता. सबनीसांनी तो सोडवायला वजन उचललं, आणि ते वजनासकट, चटके देणाऱ्या धाब्यावर, मटकन खाली बसले.

"हे काय आहे?"

"बिबड्यांचं वजन," इंदिराबाई म्हणाल्या. "चांगलं आहे. शेजारीपण नेतात."

मास्तरांची मान खाली गेली. "काही नाही हो ते. उंटाचं आहे."

"उंटाचं आहे ते मला दिसतंय," सबनीस म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला होता. "खालचे फाटे स्वच्छ आहेत. पण हे हाड कुठे आहे? हा दगड आहे, मास्तर! पार दगड झालाय. कुठे मिळालं?"

"शाळेच्या पायात. बारा फूट खाली."

"बारा फूट खाली उंट गेला कसा, हे कुणी विचारलं नाही?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. नव्हतं विचारलं. कादरमियाँनी 'ऊँट' म्हटलं, सगळे हसले, आणि प्रश्न तिथेच संपला होता. खुद्द त्यांनीही मान खाली घालून तो संपवला होता.

"उत्तरेत शिवालिकच्या डोंगरात असे जुने उंट निघालेत," सबनीस हाडावरून बोट फिरवत म्हणाले. "पण इकडे, इतक्या खाली, माझ्या तरी वाचनात नाही. तुम्ही वाघाच्या मागे पाच महिने पत्रं लिहिलीत, आणि याच्यावर... हे काय लागलंय?"

"ज्वारीचं पीठ," इंदिराबाई म्हणाल्या. "पुसून देऊ?"

हाड रेल्वेने मुंबईला गेलं. शनिवारचा सत्कार झाला. फक्त मास्तरांनी आधी पाच मिनिटं साडेतेरा इंचांची हकीकत सांगितली आणि नंतर उंटाची. हेडमास्तरांनी जागच्या जागी तक्त्याची ठिगळं फाडायला लावली. पण 'वाघमास्तर' म्हणण्याचा हुकूम ते मागे घ्यायला विसरले.

महिन्याभराने संग्रहालयातून आभाराचं पत्र आलं, आणि लाकडी खोक्यातून त्या हाडाची हुबेहूब नक्कल, प्लॅस्टरची. इंदिराबाईंनी ती त्याच दिवशी फडक्यावर ठेवली. वजनाला हलकी. पहिल्याच झुळकेला नक्कल, फडकं आणि वीस बिबडे शेजारच्या अंगणात गेले.

"जुनं पाठवा म्हणावं परत," इंदिराबाई म्हणाल्या.

मास्तर दुसरं वजन आणायला बाजाराकडे निघाले. मागून शाळेतला कुणीतरी हुकमाप्रमाणे ओरडला, "वाघमास्तर! ओ वाघमास्तर!" मास्तर वळले नाहीत. आपल्याला कुणी हाक मारतंय हे त्यांच्या ध्यानीही आलं नाही.

साक्रीची मोटार धुरळा उडवत आली.

"ओ उंटमास्तर!"

"ओ!" हाक पुरी व्हायच्या आत मास्तर गर्रकन वळले. चेहरा खुललेला.

कादरमियाँनी करकचून ब्रेक दाबला. आतले उतारू एकमेकांच्या मांडीवर गेले. कादरमियाँ स्टिअरिंग धरून नुसतेच पाहत राहिले.

"काय हो, कादरमियाँ? काय म्हणता?"

"कुछ नहीं, मास्तर," कादरमियाँ ओशाळून म्हणाले. "चार वर्षांत तुम्ही कधी ओ दिलीच नाही. पुढं काय बोलायचं, ते मी ठरवलेलंच नव्हतं."